सुरक्षा अधिकारी पाहिजे, पण कसा?

विद्यापीठांच्या भरतीच्या जाहिराती आपण शिक्षक मंडळी आवर्जून वाचतो. प्राध्यापक, ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळा परिचर. पुढे शैक्षणिक अर्हता, बिंदुनामावली, वेतनश्रेणी. या रकान्यांत ‘प्रयोगशाळा आरोग्य व सुरक्षा व्यवस्थापक’ असे पद सहसा दिसत नाही. ते का दिसत नाही, आणि उद्या दिसलेच तर त्या जाहिरातीत काय लिहिलेले असावे?

बुलडाणा जिल्ह्यातील विज्ञान महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. राज्यातील अशा विद्यापीठांचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार चालतो. त्यात विद्यापीठाचे अधिकारी कोण हे सांगितले आहे. कुलगुरू, कुलसचिव, परीक्षांचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी हे सारे त्यात आहेत. प्रयोगशाळांच्या सुरक्षेसाठी मात्र वेगळा अधिकारी नाही.

याउलट कारखान्यांकडे पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेने ही मर्यादा ५०० वर आणि धोकादायक प्रक्रिया असतील तर २५० वर आणली. विद्यापीठ म्हणजे कारखाना नव्हे, हे खरे. पण हाच फरक सल्फ्युरिक आम्लाला कळत नाही.

पद नसल्याने काय होते, याचे उदाहरण दिल्लीचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी स्रोत असलेले, कॅनडातून आणलेले एक उपकरण होते. १९८५ पासून ते वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते उघडले गेले. एप्रिलमध्ये एका कामगाराचा किरणोत्साराने मृत्यू झाला, आणखी काही जण गंभीर आजारी पडले. किरणोत्सारी स्रोतांसाठी देशात कडक नियम होते आणि त्यांवर देखरेख ठेवणारे अणुऊर्जा नियामक मंडळही होते. पण ज्यांना त्या उपकरणाची माहिती होती, ते निवृत्त होत जातात. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये उरते ती एक ओळ. निर्लेखन करणाऱ्या समितीला ते नुसते जड लोखंड वाटते. माणसे बदलली तरी माहिती टिकवणे, हे सुरक्षा व्यवस्थापकाचे पहिले काम आहे. ते काम कोणाच्याच नावावर नव्हते.

पद निर्माण केले की प्रश्न सुटला, असेही नाही. अमेरिकेत १९९० च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोगशाळेसाठी रासायनिक सुरक्षेचा जबाबदार अधिकारी नेमावा लागतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरक्षा विभाग होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या विभागाने एका रसायन प्रयोगशाळेची तपासणी करून अनेक त्रुटी नोंदवल्या. काम करणारे अॅप्रन घालत नाहीत, ही त्यांतील एक. २९ डिसेंबर रोजी त्याच प्रयोगशाळेत शेरी संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक, हवेत येताच पेट घेणारे टर्शरी-ब्यूटिल लिथियम सिरिंजने काढत असताना भाजली. तिच्या अंगावर अॅप्रन नव्हता. १६ जानेवारी २००९ रोजी ती मरण पावली. तपासणी झाली होती, शेरेही लिहिले गेले होते. काम मात्र थांबले नव्हते.

म्हणून माझा आक्षेप दुहेरी आहे. पद नाही, हा पहिला. दुसरा असा की, नेहमीच्या साच्यात जाहिरात काढली तर आपल्याला शेरे लिहिणारा आणखी एक अधिकारी मिळेल. पदवी, पदविका, अनुभवाची वर्षे हे हवेच. पण त्याआधी तीन गोष्टी हव्यात.

पहिली, प्रयोग थांबवण्याचा अधिकार. विभागप्रमुखांच्या हाताखालचा माणूस विभागप्रमुखांचा प्रयोग थांबवू शकणार नाही. कारखान्यांसाठीच्या नियमांत सुरक्षा अधिकाऱ्याला वरिष्ठ दर्जा द्यावा आणि तो थेट मुख्य अधिकाऱ्याला जबाबदार असावा, अशी तरतूद अनेक राज्यांत केली गेली. विद्यापीठातही हे पद थेट कुलगुरूंच्या अखत्यारीत असावे.

दुसरी, भाषा. त्याच नियमांत बहुसंख्य कामगारांची भाषा येणे ही अट होती. प्रयोगशाळेत बाटल्या धुणारा, आम्ल ओतून देणारा परिचर मराठीत विचार करतो. बाटलीवरची सूचना इंग्रजीत असते. ही दरी जो भरून काढू शकत नाही, त्याच्या प्रमाणपत्राचा उपयोग थोडा.

तिसरी, गावाचे भान. डायएथिल ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळते. खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. बंद भांडारखोलीतल्या ईथरच्या बाटलीचे काय होत असेल? डोळ्यांत आम्ल उडाले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे, असे पुस्तक सांगते. अमेरिकी मानकाप्रमाणे मिनिटाला दीड लिटर धरले तरी साडेबावीस लिटर पाणी झाले. अंगावर सांडले तर मिनिटाला सुमारे ७५ लिटरच्या फवाऱ्याला हजार लिटरांहून अधिक लागेल. जिथे उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे हे पाणी कुठून येणार? छतावर राखीव टाकी लागेल, हे उमेदवाराने स्वतःहून सांगितले पाहिजे.

मुलाखतही टेबलाभोवती बसून घेऊ नये. उमेदवाराला एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तासभर फिरवावे आणि काय दिसले ते लिहून मागावे. बाटल्या इंग्रजी वर्णक्रमाने लावल्यामुळे अॅसिटिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट जवळजवळ आले आहेत, हे ज्याच्या नजरेतून सुटत नाही तो आपला माणूस.

एका महाविद्यालयाला असा अधिकारी परवडणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक शिक्षण प्रशासनांनी १९६३ साली एकत्र येऊन क्लीप्स ही संस्था उभी केली; शाळांना प्रयोगांच्या सुरक्षेविषयी ती सल्ला देते. आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. विद्यापीठाने जिल्ह्यासाठी एक व्यवस्थापक नेमला आणि त्याने प्रत्येक प्रयोगशाळेला सत्रातून एकदा भेट दिली, तरी बरेच साधेल. कनिष्ठ महाविद्यालये आणि शाळाही त्याचा सल्ला घेऊ शकतील.

तोवर आपण काय करावे? येत्या शनिवारी भांडारखोली उघडावी. प्रत्येक बाटलीवर आणल्याची आणि उघडल्याची तारीख घालावी, धोका मराठीत लिहावा, आणि ज्या बाटलीत काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही ती न उघडता बाजूला ठेवून मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. त्या पत्राची एक प्रत आपल्या फाइलला लावून ठेवावी. आपण निवृत्त झाल्यावर ती कोणाला तरी लागेल.