उसनवारी आणि कर्तृत्व : बॉब डिलन यांची नवी गीते

लोकगीताला कर्ता नसतो, हा लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पहिला पाठ होय. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन यांच्यापाशी येताच हा पाठ अडचणीत येतो. येथे कर्ता आहे. त्याला २०१६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेले आहे. आणि तरीही त्याच्या गीतांतील नेमके काय त्याचे, हा प्रश्न काही सुटत नाही. १९६२ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या या गायकाचा एकोणचाळिसावा संग्रह ‘रफ अँड राउडी वेज’ जून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

संग्रहाची पार्श्वभूमीही काहीशी विनोदी आहे. २०१५ ते २०१७ या काळात डिलन यांनी दुसऱ्यांच्या जुन्या गीतांनी तब्बल पाच तबकड्या भरल्या. स्वतःच्या नव्या गीतांचा संग्रह २०१२ नंतर आलाच नव्हता. रसिक आठ वर्षे वाट पाहत राहिले आणि अखेर दहा गीते हाती आली. परंतु संग्रहाचे नाव जिमी रॉजर्स या जुन्या गायकाच्या गीतावरून घेतलेले, पहिल्या गीताचे शीर्षक व्हिटमनच्या काव्यातले आणि शेवटच्या गीताचे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधले! ऋण काढून सण करण्याची ही तयारी वेष्टनापासूनच सुरू होते.

साहजिकच भाष्यकारांना सुगीचे दिवस आले. कोणती ओळ कोठून आली, कोणती चाल कोणाची, यांची मोजणी सुरू झाली. एका प्रेमगीताच्या तळाशी ऑफेनबाखच्या संगीतिकेतील प्रसिद्ध नौकागीताची चाल सापडली. ‘फॉल्स प्रॉफेट’ या गीताची वाद्यरचना बिली एमर्सन यांच्या १९५४ च्या एका ध्वनिमुद्रिकेशी जवळजवळ जुळते, हेही लक्षात आले. मालमत्तेचा पंचनामा करावा अशा उत्साहाने हे काम झाले. मात्र या पंचनाम्यात एक गोष्ट बहुधा निसटते : आरोपीने कबुलीजबाब आधीच दिलेला आहे, आणि तोही सुरात.

हा कबुलीजबाब म्हणजे ‘माय ओन व्हर्जन ऑफ यू’ हे गीत. त्यातील निवेदक शवागारे आणि मठ पालथे घालून मृतांचे अवयव जमवितो व त्यांतून आपल्याला हवा तसा माणूस घडवू पाहतो. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकन्स्टाइन’ची आठवण येथे अपरिहार्य आहे, पण त्याहून महत्त्वाचे असे की, हे डिलन यांच्या रचनापद्धतीचेच वर्णन आहे. गाणारा कोठेही हसत नाही. एखाद्या कारागिराने सामानाची यादी वाचावी तशा थंडपणे तो हा भीषण उद्योग सांगतो, आणि या थंडपणातूनच विनोद निर्माण होतो. टीकाकाराने उघडकीस आणावयाचे ते कवीनेच उघड्यावर मांडले, तर टीकाकाराने करावयाचे काय? या संग्रहातील सर्वांत पक्की रचना हीच होय.

‘मर्डर मोस्ट फाउल’ या जवळजवळ सतरा मिनिटांच्या गीताविषयी इतक्या निःशंकपणे बोलता येत नाही. पूर्वार्धात १९६३ मधील केनेडी यांच्या हत्येचे कथन आहे. उत्तरार्धात आकाशवाणीवरील एका निवेदकाला अमुक गीत लाव, तमुक गीत लाव, अशा विनंत्या आहेत. विनंत्यांची ही रांग लांबत जाते, आणि मधल्या टप्प्यात ती कवितेपेक्षा ग्रंथालयाच्या सूचीच्या अधिक जवळ जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्यामागचे सत्य हास्यास्पद नाही. ज्या शोकाला शब्द अपुरे पडतात, त्या रात्री मनुष्य जुनी गाणीच ऐकत बसतो. आणि सर्वांत शेवटची विनंती कोणत्या गीतासाठी? याच गीतासाठी! पूर्वसूरींच्या पंगतीत आपले पान कवी स्वतःच मांडून घेतो. हा उद्धटपणा आणि हा विनोद एकाच ओळीत नांदतात.

येथवर उसनवारीचे समर्थन करता येते. वुडी गथ्री यांनी कार्टर कुटुंबाच्या चालींवर आपली गीते बांधली आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही. परंपरेच्या विहिरीवर सर्वांचा हक्क असतो. प्रश्न निर्माण होतो तो विहिरीला कुंपण पडल्यावर. डिसेंबर २०२० मध्ये डिलन यांनी आपल्या सहाशेहून अधिक गीतांचे हक्क एका मोठ्या संगीतसंस्थेला विकले. ऑफेनबाखचे ऋण आता कोणाला फेडावयाचे नाही. परंतु ‘फॉल्स प्रॉफेट’ प्रसिद्ध झाले तेव्हा एमर्सन हयात होते, आणि कर्ता म्हणून नाव छापले गेले ते एकट्या डिलन यांचे. घेताना लोकपरंपरा आणि विकताना खाजगी मालकी, ही विसंगती ‘माय ओन व्हर्जन ऑफ यू’मधल्या विनोदाने झाकली जात नाही.

तेव्हा अभ्यासकाने दोन निवाडे वेगळे ठेवावेत. उसने अवयव जोडून उभा केलेला हा माणूस चालतो की नाही, हा काव्याचा प्रश्न. त्याचे उत्तर, काही ठिकाणी लंगडत का होईना, पण तो चालतो, असेच द्यावे लागते. अवयव ज्यांचे होते त्यांचे नाव कोठे आहे, हा न्यायाचा प्रश्न. त्याचे उत्तर संग्रहाच्या वेष्टनावर सापडत नाही.