सदतिसांपैकी एक

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चाललेल्या मालिकेवरून चित्रपट निघाला, की त्याचा निवाडा दोन न्यायासनांपुढे होतो. एकावर मालिकेचे जुने भक्त बसलेले असतात. त्यांना प्रत्येक पात्राची कुंडली तोंडपाठ असते आणि आपले हिशेब पूर्ण झाले की नाहीत, एवढेच ते पाहतात. दुसऱ्यावर बसतो तो तिकीट काढून सहज आत आलेला प्रेक्षक. त्याला मागचे काही ठाऊक नसते, आणि सांगत बसलेले त्याला आवडतही नाही. २५ जुलै २००८ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द एक्स-फाइल्स : आय वॉन्ट टू बिलीव्ह’ हा चित्रपट या दोन्ही न्यायासनांपुढे उभा राहिला आणि दोन्हीकडे त्याच्या वाट्याला बहुतांशी नाराजी आली. तरीही त्याची बाजू घेणारे थोडे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. आम्ही हा चित्रपट नुकताच दुसऱ्यांदा पाहिला. या दोन्ही पक्षांनी ज्या मुद्द्यावर भांडण केले, तो मुळी भांडणाचा मुद्दाच नव्हता, असे आमचे मत झाले.

मालिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिस कार्टर यांची ‘द एक्स-फाइल्स’ ही मालिका १९९३ ते २००२ अशी सलग नऊ पर्वे चालली. एफ.बी.आय. या अमेरिकी तपास संस्थेतील दोन अधिकारी, फॉक्स मल्डर आणि डॉ. डेना स्कली, ज्यांचा उलगडा होत नाही अशा प्रकरणांचा शोध घेतात. मल्डरची बहीण लहानपणी नाहीशी झाली. तिला परग्रहवासीयांनी नेले, असे तो मानतो. त्याच्या खोलीत उडत्या तबकडीचे एक भित्तिचित्र आहे आणि त्यावर ‘मला श्रद्धा ठेवायची आहे’ या अर्थाचे शब्द आहेत. चित्रपटाचे नाव तेथूनच आले. स्कली वैद्यक शिकलेली, पुराव्यावाचून पाऊल न टाकणारी. पण तिच्या गळ्यात क्रूस आहे. ती कॅथलिक घरात वाढली आहे. भलभलत्या गोष्टींवर चटकन विश्वास ठेवणारा मल्डर देवाच्या बाबतीत साशंक, आणि प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारी स्कली श्रद्धावान! मालिकेचे खरे बळ या तिढ्यात होते.

१९९८ साली निघालेल्या पहिल्या चित्रपटात परग्रहवासी होते, सरकारी कारस्थान होते, बर्फाखाली दडलेले अवाढव्य यान होते. सुमारे ६ कोटी ६० लाख डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने जगभरात जवळजवळ १९ कोटी मिळवले. दहा वर्षांनी आलेल्या दुसऱ्या चित्रपटाचा खर्च ३ कोटी आणि कमाई ६ कोटी ८० लाखांच्या आसपास. आठवडाभर आधी ‘द डार्क नाइट’ हा बॅटमॅनपट झळकला होता आणि सगळी गर्दी तिकडे लोटली होती, ही गोष्टही नाकारता येणार नाही. तथापि खरा रोष वेगळाच होता. या चित्रपटात परग्रहवासी नाहीत, यान नाही, कारस्थान नाही. मालिकेने अर्धवट सोडलेल्या कथानकाचे पुढे काय झाले, हे तो सांगत नाही. भक्तांना फसवले गेल्यासारखे वाटले. समीक्षकांपैकी अनेकांनी ‘हा लांबवलेला एक भाग आहे’ असा शेरा मारून विषय संपवला. उलट रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या ज्येष्ठ समीक्षकाने त्याला चारपैकी साडेतीन तारे दिले.

भक्तांची तक्रार आम्हाला मान्य नाही. मालिकेतील निम्म्याहून अधिक भाग असेच स्वतंत्र प्रकरणांचे होते, आणि सर्वोत्तम भागांपैकी काही त्यांतलेच. जानेवारी १९९४ मधील ‘बियाँड द सी’ हा भाग आठवावा. फाशीची शिक्षा झालेला एक खुनी आपल्याला दृष्टांत होतात असे सांगतो, आणि नुकतेच वडील गमावलेली स्कली त्याच्या शब्दांत वडिलांचा आवाज शोधू लागते. २००८ च्या चित्रपटाचे बीज तेथेच आहे. फरक एवढाच, की चौदा वर्षांनंतर त्या खुन्याच्या जागी कार्टर यांनी एक धर्मगुरू आणून बसवला.

येथे मराठीत लिहिणाऱ्याची लेखणी पहिल्याच वाक्यात अडखळते. फादर जोसेफ क्रिसमन यांना ‘ते’ म्हणावे की ‘तो’? फादर म्हटले की आपल्या जिभेवर आदरार्थी बहुवचन आपसूक येते. या माणसाने सदतीस वेदीसेवक मुलांवर अत्याचार केले आहेत. इंग्रजीत ही अडचण येत नाही. आम्ही बराच विचार करून ‘तो’ म्हणायचे ठरवले, आणि हा निर्णय घेताना जे अवघडलेपण आले तेच चित्रपटाचे खरे कथानक आहे, असे आमच्या ध्यानात आले.

कथा अशी. एफ.बी.आय.ची एक महिला अधिकारी बेपत्ता होते. फादर जो स्वतःहून पुढे येतो आणि ती आपल्याला दृष्टांतात दिसते असे सांगतो. बर्फाळ मैदानात अधिकाऱ्यांची रांग काठ्या खुपसत चालली आहे आणि सर्वांच्या पुढे हा पांढऱ्या केसांचा माणूस धावतो आहे, या दृश्याने चित्रपट उघडतो. बर्फाखाली खरोखरच एक तुटलेला हात सापडतो. हा माणूस द्रष्टा आहे की गुन्ह्यात सामील आहे? एफ.बी.आय.ला निकाल करता येत नाही, म्हणून अज्ञातवासात राहणाऱ्या मल्डरला बोलावणे जाते. मल्डरचा विश्वास लगेच बसतो. स्कलीला मात्र त्या माणसाच्या खोलीत उभे राहणेही असह्य होते. तो आपल्या आत्म्याच्या तारणासाठी प्रार्थना करतो. देव असल्या माणसाची प्रार्थना ऐकेल ही कल्पनाच तिला सहन होत नाही. बिली कॉनोली हे नावाजलेले विनोदी नट. पण येथे त्यांनी विनोदाचा लवलेशही ठेवलेला नाही. दयेची याचनाही अशी केली आहे, की ती पाहताना आपल्याला दया यावी की संताप, हे ठरत नाही.

हा चित्रपट कोणत्या काळात आला, तेही लक्षात घ्यावे लागते. जानेवारी २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने तेथील धर्मप्रांतात दडपलेली प्रकरणे उघडकीस आणली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना पद सोडावे लागले. एप्रिल २००८ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी वॉशिंग्टन येथे काही पीडितांची भेट घेतली. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी हा चित्रपट आला. काही कॅथलिक प्रेक्षकांना तो आपल्या जखमेवर बोट ठेवणारा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. परंतु चित्रपटाने ख्रिस्तसभेची टिंगल केलेली नाही. त्याने विचारलेला प्रश्न आपल्या परंपरेत फार जुना आहे. देवाची वाणी अपात्र मुखातून येऊ शकते काय? जुन्या करारातील बलाम पैशासाठी शाप द्यायला निघाला आणि त्याच्या तोंडून आशीर्वाद बाहेर पडला. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या मृत्यूचा कट रचणारा कयफा स्वतःला नकळत भविष्य सांगून जातो. संत थॉमस अक्वायनस यांनी संदेश सांगण्याचे दान आणि अंतःकरणातील प्रीती या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. दुसरी नसतानाही पहिली असू शकते. फादर जोला दृष्टांत होतात म्हणून त्याला क्षमा झाली असे ठरत नाही, आणि त्याचा गुन्हा घोर आहे म्हणून दृष्टांत खोटे ठरत नाहीत. चित्रपट या दोन गोष्टींची गल्लत करत नाही.

दुसरे कथानक रुग्णालयातले. स्कली आता ‘अवर लेडी ऑफ सॉरोज’ या कॅथलिक रुग्णालयात डॉक्टर आहे. ख्रिश्चन नावाच्या मुलाला सँडहॉफ रोग झाला आहे. हा आनुवंशिक विकार आहे. शरीरातील एका विकराच्या अभावी मज्जापेशींत मेदद्रव्ये साचत जातात आणि त्या मरतात. त्यावर खात्रीचा इलाज नाही. स्कलीला स्टेम सेलचा अत्यंत वेदनादायी उपचार करून पाहायचा आहे. रुग्णालयाचे प्रशासक फादर इबारा सांगतात, की मुलाला आता शांतपणे जाऊ द्यावे. चित्रपटाने त्यांना थंड नजरेचा कारभारी करून ठेवले आहे आणि प्रेक्षकांनी त्यांना खलनायकांच्या रांगेत बसवले. हा अन्याय आहे. फादर इबारा यांची भूमिका तपासून पाहिली तर ती ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीला धरूनच आहे. अपेक्षित लाभाच्या मानाने फार जड, फार क्लेशदायक असा उपचार थांबवणे म्हणजे जीव घेणे नव्हे, असे धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. ज्यांनी घरात असाध्य दुखण्याने अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्यांना हा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही. दोन माणसे, दोघेही श्रद्धावान, दोघांनाही त्या मुलाचे भले हवे, आणि तरी दोघांचे पटत नाही. असा सामना रंगला असता तर चित्रपट कितीतरी उंच गेला असता. आपण असाध्य रोगावरील उपचाराची माहिती स्कली संगणकावर शोधताना पाहतो, तेव्हा प्रेक्षकांना हसू आले असल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही.

नेमक्या त्या शोधातूनच गुन्ह्याचा धागा हाती लागतो. काही रशियन शल्यविशारद माणसे पळवून त्यांच्या अवयवांचे, अखेर संपूर्ण मस्तकाचे रोपण करू पाहत असतात. हा भाग अनेकांना हास्यास्पद वाटला. वास्तविक त्याला इतिहास आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्लादिमिर देमिखोव यांनी १९५४ मध्ये एका कुत्र्याला दुसऱ्याचे डोके जोडले होते. १९७० मध्ये क्लीव्हलँड येथील डॉ. रॉबर्ट व्हाइट यांनी एका माकडाचे मस्तक दुसऱ्याच्या धडावर बसवले. हे डॉ. व्हाइट निष्ठावंत कॅथलिक होते आणि पुढे पोपमहोदयांच्या विज्ञान अकादमीचे सदस्यही झाले! चित्रपटाला हे गवसले असते तर स्कलीच्या द्वंद्वाला केवढी धार आली असती. असो.

आता आमची खरी हरकत सांगतो. ती परग्रहवासीयांच्या अभावाविषयी नाही आणि कथेतील फटींविषयीही नाही. हा सारा अवयवांचा व्यापार चालतो तो फ्रान्झ नावाच्या एका मरणासन्न माणसाला जगवण्यासाठी. त्याचा जोडीदार त्याच्याकरिता माणसे पळवतो. हे दोघे पुरुष एकमेकांशी विवाहबद्ध आहेत, आणि तेवढ्यावरून चित्रपटाने त्यांना विकृत ठरवले अशी टीका त्या वेळी झाली. तीही निराधार म्हणता येणार नाही. पण तिच्याखाली आणखी एक गोष्ट दडली आहे आणि तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. फ्रान्झ हा त्या सदतीस मुलांपैकी एक आहे.

म्हणजे फादर जोच्या दृष्टांतांचे मूळ कोठे आहे, ते पाहा. ज्या मुलाचे बालपण त्याने उद्ध्वस्त केले, त्याच्याशीच तो कोणत्या तरी अदृश्य दोरीने बांधला गेला आहे. दोघांना फुफ्फुसाचा कर्करोग. एकाचा श्वास थांबला त्याच वेळी दुसऱ्याचाही थांबला, असे मल्डर सुचवतो. कल्पना भयंकर आहे आणि खोलही आहे; पाप करणारा आणि ते सोसणारा यांची गाठ मरेपर्यंत सुटत नाही, हे एवढ्या उघडपणे सांगणारा विज्ञानपट आमच्या पाहण्यात दुसरा नाही. पण कार्टर यांनी या गाठीचे एकच टोक हाती धरले. फादर जोला संवाद दिले, रक्ताचे अश्रू दिले, प्रार्थना दिली, पश्चात्ताप दिला. फ्रान्झला काय दिले? बर्फाच्या पाण्यात बुडालेला देह आणि जवळजवळ संपूर्ण मौन. अत्याचारी माणसाचा आत्मा तरेल की नाही, यावर दीड तासाहून अधिक चर्चा चालते. अत्याचार सोसलेल्याचा आत्मा असतो, याची कोणाला आठवणही होत नाही. उलट तोच अखेर एका राक्षसी कृत्याचा लाभार्थी म्हणून पडद्यावर येतो. उरलेली छत्तीस मुले तर केवळ आकडा होऊन राहिली. स्कली तो आकडा संतापाने उच्चारते, पण त्यांतील एकाही घराचा दरवाजा ती ठोठावत नाही.

ज्या प्रेक्षकांनी या चित्रपटाला क्षमेचा चित्रपट म्हणून गौरवले, त्यांच्याशी आमचे येथे पटत नाही. क्षमा मागण्याचे धैर्य दाखवायचे तर ती ज्याच्याकडे मागायची त्याचा चेहरा दाखवावा लागतो. फादर जो देवासमोर गुडघे टेकतो. फ्रान्झसमोर टेकत नाही, कारण पटकथेने त्या दोघांना समोरासमोर आणलेच नाही. क्रिस कार्टर आणि फ्रँक स्पॉटनित्झ या दोघा अनुभवी लेखकांना हे सुचले नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांनी ते टाळले असावे.

तरीही हा चित्रपट पाहू नये असे आम्ही म्हणणार नाही. घरातील लहान मुलांना मात्र तो दाखवण्याजोगा नाही. जिलियन अँडरसन यांचा अभिनय ही एवढी एकच गोष्टसुद्धा पाहण्याचे सार्थक करते. फादर जो स्कलीला एकदा सांगतो, की धीर सोडू नकोस. तो हे कशाबद्दल म्हणाला, ते त्यालाही सांगता येत नाही. ती मात्र ते शब्द ख्रिश्चनच्या शस्त्रक्रियेशी जोडते, आणि तेव्हापासून तिला झोप नाही. आपण एका मुलाचा जीव ज्या वचनाच्या भरवशावर पणाला लावतो आहोत, ते वचन सदतीस मुलांच्या गुन्हेगाराच्या तोंडचे आहे! नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातील दुसरे वचनही कथेत येते. गोष्टी झाकून ठेवणे हे देवाचे आणि त्या शोधून काढणे हे राजांचे वैभव, असा त्याचा आशय. मल्डरचा ठावठिकाणा स्कलीला त्याच आकड्यांवरून लागतो. ते फारच सोयीस्कर झाले आहे, हे कबूल करावे लागते. पण शस्त्रक्रियेच्या खोलीतील शेवटच्या प्रसंगात अँडरसन क्षणभर थबकतात, भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहतात आणि कामाला लागतात, तेथे कोणतीही सोय केलेली नाही. मुलगा जगला की नाही, ते सांगण्यापूर्वीच पडदा पांढरा होतो. २०१६ साली मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा स्कली त्याच रुग्णालयात काम करताना दिसली.

नामावली सरकू लागते. बर्फ हळूहळू वितळत निळ्या समुद्रात मिसळतो, आणि अगदी शेवटी एका छोट्या होडीत मल्डर आणि स्कली दिसतात. मल्डर वल्ही मारतो आहे. दोघे वर पाहून हात हलवतात. जुन्या भक्तांपैकी काहींना हा निरोप गोड वाटला, काहींना पोरकट. नावे सुरू होताच जे उठून गेले असतील, त्यांनी तो पाहिलाच नाही. आम्ही पाहिला, तेव्हा त्या होडीपेक्षा तिच्याभोवतीच्या मोकळ्या पाण्याकडे आमचे लक्ष अधिक गेले.