प्रथिनाची प्रतिकृती : गुण कशाला द्यायचे?

रत्नागिरीत हापूसची पेटी घेणारा जाणकार वरचा थर पाहून समाधान मानत नाही. पेंढा सारून खालची फळेही चाचपतो. संगणकाने वर्तवलेल्या प्रथिनांची रंगीत चित्रे हल्ली विज्ञान प्रदर्शनांत दिसतात. ती पाहताना आपण वरच्या थरावरच थांबतो, अशी आमची तक्रार आहे.

एक उदाहरण घेऊ. पुणे विद्यापीठातील अशोक कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी १९९९ साली जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरण-प्रथिनाची रचना वर्तवली. साचा म्हणून त्यांनी गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचे प्रथिन घेतले. त्याची रचना १९९५ साली क्ष-किरणांनी उलगडली होती. नातेवाईक प्रथिनांची घडण सारखी असते, हा त्यामागचा आधार. साचा कोणता हे त्यांनी उघड सांगितले, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते, कारण त्यामुळे वाचकाला तपासणी करता येते.

आता खालचा थर. प्रतिपिंडे प्रथिनाला कोठे चिकटतील, हे या कामातून शोधायचे होते. लसीच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. पण प्रतिपिंडे चिकटतात पृष्ठभागावर, आणि नातेवाईक प्रथिनांत सर्वाधिक फरक पडतो तो पृष्ठभागावरच्या वळशांत. म्हणजे ज्या भागाची गरज अधिक, तोच भाग साच्यावरून सांगणे अवघड! या विषाणूच्या प्रथिनाची प्रयोगाने मिळालेली रचना २०१२ साली प्रसिद्ध झाली. प्रतिकृती थेट ताडून पाहण्याची सोय झाली ती तेव्हा.

दरम्यान हाती असतो तो रामचंद्रन आलेख. जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रास येथे १९६३ साली तो मांडला. साखळीतील कोन शक्य आहेत की नाहीत, एवढेच तो सांगतो. शुद्धलेखन बिनचूक असले म्हणून विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर ठरत नाही, तसेच हे.

अल्फाफोल्डच्या २०२१ पासून खुल्या असलेल्या संग्रहात प्रत्येक अमिनो आम्लाला शंभरपैकी विश्वासाचे गुण दिलेले असतात : नव्वदच्या वर गडद निळा, पन्नासच्या खाली नारिंगी. तक्ते करणारी मंडळी मात्र शोभेसाठी हे रंग पुसून दुसरे भरतात! मग नारिंगी शेपूटही निळ्या गाभ्याइतकेच पक्के दिसू लागते. वास्तविक अशा भागाला पेशीत पुष्कळदा ठरावीक आकारच नसतो.