तात्काळ भारणाचा पक्ष आणि त्याच्या मर्यादा

दंतहीन जबड्यात टायटॅनियमची मळसूत्रे रोवून त्यांच्या आधाराने पूर्ण कवळी बसविण्याच्या उपचाराचा पाया स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी घातला. त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. हाड व धातू एकजीव होईपर्यंत रोपणांवर भार पडू देऊ नये, हा त्यांच्या पद्धतीचा दंडक होय. खालच्या जबड्यास ३ ते ४ व वरच्यास सुमारे ६ महिने अशी मुदत त्यातून रूढ झाली.

या दंडकास लेडरमान यांनी १९७९ मध्ये छेद दिला. खालच्या जबड्याच्या पुढील भागात ४ रोपणे रोवून ती एका दांड्याने जोडावयाची व त्यावर लगेच कवळी चढवावयाची, ही त्यांची रीत. लिस्बनच्या मालो यांनी २००३ मध्ये खालच्या जबड्यात ४ रोपणांवर काही तासांत न निघणारी दंतपंक्ती बसविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यांवरून थांबण्याची आवश्यकताच उरली नाही, असा जो सरसकट निष्कर्ष काढला जातो, तो मात्र चिकित्सेस उतरत नाही.

येथे भारापेक्षा हालचाल अधिक घातक ठरते. रोपण सुमारे १०० ते १५० मायक्रॉनपेक्षा अधिक हलत राहिल्यास त्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होण्याचा धोका असतो. चार रोपणे ताठ दांड्याने वा पंक्तीने जखडली असता ही हालचाल आटोक्यात राहते. दोन सुट्या रोपणांवरील काढघाल करावयाच्या कवळीची गोष्ट वेगळी. ती मागील बाजूस हिरडीवर टेकते, चावताना डुलते, आणि प्रत्येक काढघालीचा ताण एकेका रोपणावर येतो. शिवाय दोहोंपैकी एक निकामी झाले, तर सारी योजनाच ढासळते.

कॉक्रेनच्या २०१३ मधील समीक्षेत २६ चाचण्यांची छाननी होऊन, भारणाच्या निरनिराळ्या मुदतींत महत्त्वाचा फरक दाखविणारा खात्रीलायक पुरावा नाही, असे नमूद झाले. परंतु फरक सिद्ध न होणे म्हणजे समानता सिद्ध होणे नव्हे. त्यातच, जी रोपणे रोवतानाच घट्ट बसत नाहीत ती तात्काळ भारणातून बहुधा वगळली जातात. त्यामुळे यशाचे आकडे मुख्यत्वे भक्कम हाडाचेच ठरतात.

लाभाचे मापही काटेकोर हवे. प्रतीक्षेच्या काळात रुग्ण अगदीच बोळका राहत नाही. जुन्या कवळीस मऊ अस्तर लावून बहुधा काम भागविता येते. तेव्हा थोड्या महिन्यांच्या सोयीसाठी वृद्ध रुग्णास दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या जोखमीत लोटावे काय, हा खरा प्रश्न आहे. जखडलेल्या चार रोपणांपुरता तात्काळ भारणाचा पक्ष मान्य करावा; दोन सुट्या रोपणांच्या बाबतीत मात्र ब्रोनेमार्क यांचा संयमच अधिक शहाणपणाचा ठरतो.