निकाल नव्वद टक्के, पण छेदात कोण?

निकाल लागले की तालुक्याच्या गावातल्या कॉलेजच्या गेटवर एक फ्लेक्स लागतो. 'उज्ज्वल यशाची परंपरा कायम', खाली नव्वदच्या आसपासची टक्केवारी आणि पहिल्या तिघांचे फोटो. तुम्ही पाहिला असेलच. मी तर तो बांधताना शिडी धरलेली आहे. पीएच.डी.ला येण्याआधी दोन वर्षं मी अशाच एका छोट्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. एफ.वाय.ला सुरुवातीला बाक कमी पडायचे आणि टी.वाय.चा अख्खा वर्ग पुढच्या तीन-चार बाकांवर मावायचा. तरी निकाल नव्वद टक्के! माझा संशोधनाचा विषय खरं तर तिथूनच निघाला.

यात कुणी खोटं बोलत नव्हतं, हे आधी सांगते. कॉलेजांनी आजवर नॅकसाठी जे अहवाल भरले त्यात निकालाचं सूत्र असं असतं: शेवटच्या वर्षाची परीक्षा पास झालेले भागिले त्या परीक्षेला बसलेले. म्हणजे छेदात फक्त 'बसलेले'. एफ.वाय.च्या दिवाळीनंतर जी मुलगी परत आलीच नाही, ती अंशात नाही आणि छेदातही नाही. एटीकेटीच्या पलीकडे विषय राहिले म्हणून जो पुढच्या वर्गात गेलाच नाही, तोही नाही. समजा शंभर जण आत आले, तीस जण शेवटच्या परीक्षेपर्यंत पोचले आणि त्यातले सत्तावीस पास झाले. फ्लेक्सवर नव्वद येतात. आत आलेल्यांच्या हिशेबाने सत्तावीस. दोन्ही भागाकार बरोबरच आहेत, फक्त पहिल्यात सत्तर माणसं कधी नव्हतीच. (वाईट म्हणजे या सूत्रात कच्ची मुलं जितकी लवकर गळतील तितका निकाल चांगला दिसतो.)

बरं, दुसरी पद्धत आपल्याकडे नाही असंही नाही. एनआयआरएफच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना आपली माहिती वेबसाइटवर टाकावी लागते. त्या पीडीएफमध्ये एका ओळीत पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले आणि त्यांच्यापैकी ठरलेल्या मुदतीत किती पदवीधर झाले, असे दोन्ही आकडे असतात. तुमच्या शहरातल्या एखाद्या नामवंत कॉलेजची पीडीएफ उघडून स्वतः भागाकार करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पण बहुतेक छोटी कॉलेजं या क्रमवारीत उतरतच नाहीत. म्हणजे जिथे बघायची सगळ्यात जास्त गरज, तिथेच आकडा नाही.

मग अमेरिकेसारखं करा, असं सेमिनारमध्ये कुणीतरी म्हणतंच. तिथे १९९० च्या एका कायद्याने कॉलेजांना पदवीचा दर जाहीर करणं बंधनकारक केलं. हिशेब प्रवेशापासून सुरू होतो आणि ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळ, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं, वाट पाहतात. मृत्यू, कायमचं अपंगत्व, सैन्यात भरती, चर्चच्या कामासाठी जाणं अशी मोजकीच कारणं असतील तरच छेदातून नाव काढता येतं. हे मला फार आवडतं. नाव गाळायचं तर कारण द्यावं लागतं! पण या दराच्या छेदातही फक्त पहिल्यांदाच कॉलेजात आलेले पूर्णवेळ विद्यार्थी. नोकरी करून अर्धवेळ शिकणारे नाहीत. आणि जो दुसऱ्या कॉलेजात जाऊन तिथे पदवीधर झाला, तो पहिल्या कॉलेजच्या दरात 'झाला नाही' असाच राहतो. ही तक्रार इतकी वाढली की २०१५-१६ पासून त्यांना वेगळी मोजणी जोडावी लागली.

छोट्या कॉलेजची आणखी एक अडचण आहे, तीही सांगून टाकते. पंचवीस जणांच्या वर्गात एक विद्यार्थी म्हणजे चार टक्के. प्रत्येकाची पास होण्याची शक्यता खरोखर ऐंशी टक्के असली, तरी निव्वळ योगायोगाने एका वर्षी बहात्तर आणि पुढच्या वर्षी अठ्ठ्याऐंशी टक्के निकाल लागू शकतो. चारशेच्या वर्गात हाच हेलकावा दोन-तीन टक्क्यांचा असतो. त्यामुळे निकाल आठ टक्क्यांनी घसरला म्हणून स्टाफरूममध्ये ज्यांना फैलावर घेतात, त्यांची मला खरंच कीव येते. निदान तीन-चार वर्षांचे विद्यार्थी एकत्र धरल्याशिवाय छोट्या कॉलेजबद्दल काही बोलू नये.

आता ज्या अभ्यासासाठी ही पोस्ट लिहायला घेतली तो. केंटकी राज्यात बेरिया नावाचं कॉलेज आहे, साधारण दीड हजार विद्यार्थ्यांचं. तिथे ट्यूशन फी घेत नाहीत. मुलं बहुतांशी गरीब घरांतली, अ‍ॅपलाचियन डोंगरी भागातली, आणि प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजात काम करावं लागतं. राल्फ आणि टॉड स्टाइनब्रिकनर या दोन संशोधकांनी तिथे २००० आणि २००१ साली आलेल्या विद्यार्थ्यांना वर्षातून अनेकदा गाठून प्रश्न विचारले. फी नाही तरी मुलं का गळतात? त्यांचं २००८ सालचं उत्तर असं की काही जणांना पैशाची अडचण नडते, पण गरीब घरांतल्या मुलांच्या गळतीचा मोठा भाग 'कर्ज मिळत नाही' याने उलगडत नाही. २०१२ च्या लेखात ते पुढे म्हणतात की मुलं स्वतःच्या मार्कांबद्दल भलत्या अपेक्षा घेऊन येतात, मार्क पडले की त्यांना आपली कुवत 'कळते', आणि ती जातात.

आपल्याकडे २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ झाली. माफी हवीच होती. पण फी गेली की गळती गेली असं समजणाऱ्यांनी बेरिया जरूर वाचावं. पद्धत म्हणूनही मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. गेलेल्यांना मागाहून फोन करण्याऐवजी ती वर्गात असल्यापासून विचारत राहणं, हे किती कष्टाचं आहे ते फील्डवर्क करणाऱ्यालाच कळेल.

तरी माझ्या दोन हरकती आहेत. वाजवी व्याजाने कर्ज मिळालं तर घ्याल का, याला बहुतेकांनी नाही म्हटलं, म्हणून त्यांना पैशाची अडचण नाही असं धरलं. आमच्या भागात असं धरता येणार नाही. ऊसतोडीला आई-वडील गेले की धाकट्या भावंडांना कोण बघणार, हा प्रश्न कर्जाने सुटत नाही. त्या घरातली मुलगीही कर्जाला नकोच म्हणेल, आणि अभ्यासात तिची नोंद 'आर्थिक कारण नाही' अशी होईल.

दुसरी हरकत त्या 'कुवत कळते' या शब्दांवर. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा एफ.वाय. बी.कॉम.ला इंग्रजी पुस्तकासमोर बसतो आणि पहिल्या सेमिस्टरला तीन विषय राहतात. त्याला यातून जे कळतं ते 'आपल्याला जमत नाही' हेच, हे खरं. पण ते मार्क त्याच्या कुवतीचे की आमच्या शिकवण्याचे? मी त्याच वर्गावर शिकवत होते, म्हणून विचारते. अर्थशास्त्राच्या मॉडेलमध्ये मार्क हे मुलाबद्दलची बातमी असतात, कॉलेजबद्दलची नाही.

आणि खुद्द बेरियाच्या इतिहासात काय आहे ते पाहा. १८५५ साली गुलामगिरीविरोधकांनी काढलेल्या या संस्थेत काळे-गोरे एकत्र शिकत. १९०४ मध्ये केंटकीने कायदा करून ते बंद पाडलं, आणि काळ्या विद्यार्थ्यांना जावं लागलं. त्या वर्षीच्या रजिस्टरवर आजचं सूत्र लावलं तर तेही 'गळालेले' ठरतील.

माझ्या फील्डवर्कमध्ये मी मार्कशीटपासून सुरुवात करत नाही. जनरल रजिस्टर आणि दाखला दिल्याचं रजिस्टर शेजारी ठेवून नावं जुळवते. दाखला नेला तो बहुधा दुसरीकडे शिकायला गेला. ज्यांचं नाव दुसऱ्या रजिस्टरमध्ये कधी आलंच नाही, त्यांच्यासाठी ऑफिसातलं एक लोखंडी कपाट उघडावं लागतं. त्यांचे बारावीचे मूळ दाखले तिथे वर्षावर्षाच्या गठ्ठ्यात बांधून पडलेले आहेत. मागच्या आठवड्यात क्लार्क काकांनी पहिला गठ्ठा सोडून दिला. पत्ते वाचता येतात, फोन नंबर बहुतेक लागत नाहीत.