ज्ञात पराभवाचा आस्वाद : विश्वास पाटील यांच्या युद्धविषयक कादंबऱ्या

मराठी भाषेत ‘पानिपत’ हे केवळ स्थलनाम राहिलेले नाही. सर्वनाशाचा वाचक असा तो शब्द होऊन बसला आहे. व्यापारात बुडालेल्या वा निवडणुकीत हरलेल्या मनुष्याचे ‘पानिपत झाले’ असे सहज म्हटले जाते. विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ ही कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा कथेचा शेवट वाचकास ठाऊक होता. इतकेच नव्हे, तर अपयशास सदाशिवरावभाऊंचा हट्ट व गर्व कारण झाला, असा निवाडाही लोकमनाने पूर्वीच देऊन ठेवला होता. तरीही ही कादंबरी वाचक उत्कंठेने वाचतो. परिणाम ठाऊक असता उत्कंठा कशाची, हा प्रश्न युद्धविषयक ऐतिहासिक कादंबरीच्या आस्वादाचे मर्म सांगणारा आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर वीररस असे आहे. दत्ताजी शिंदे यांचे जानेवारी १७६० मधील बुराडी घाटावरील मरण, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, विश्वासरावाचे कोवळे वय यांनी वाचक भारावतो, हे खरे. परंतु शौर्याची वर्णने मराठी ऐतिहासिक कादंबरीत हरि नारायण आपट्यांच्या काळापासून विपुल आहेत आणि केवळ त्यांच्या बळावर एवढा मोठा ग्रंथ वाचकास धरून ठेवू शकत नाही. रणवाद्यांचा घोष काही पृष्ठांनंतर एकसुरी होतो. वाचकाचे मन गुंतते ते अन्यत्र.

ते गुंतते मोहिमेच्या चलनवलनात. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी पानिपतच्या उत्तरेस असलेले कुंजपुरा जिंकले. धान्याचा मोठा साठा हाती लागला. त्याच महिन्यात अब्दालीने दक्षिणेस बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीकडे परतण्याची वाट अडवली. विजय व कोंडी यांचा हा योग कल्पित नाही, इतिहासानेच तो घडविलेला आहे. कादंबरीकाराचे कौशल्य हे की, तो त्या योगाची फळे एकेक दिवसाने वाचकापुढे ठेवतो. छावणी पडते, दाणावैरणीची टंचाई जाणवू लागते, जनावरे खंगतात. रसद मिळविण्याची भिस्त ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले जातात. १४ जानेवारी १७६१ ही तारीख वाचकास ठाऊक असते, छावणीस नसते. या अंतरामुळे साध्या भाकरीच्या उल्लेखासही भयाची छटा येते. वाचकाचे पूर्वज्ञान येथे रसभंग करीत नाही. उलट तेच रसाचे साधन बनते.

या फौजेबरोबर यात्रेकरू, स्त्रिया व बुणगे यांचा मोठा समुदाय होता. लढणाऱ्या हातांहून खाणारी तोंडे अधिक, हे या मोहिमेचे दुःखद गणित होय. गोलाची लढाई लढून वाट काढण्याचा बेतही याच गणितातून समजून घ्यावा लागतो. न लढणाऱ्यांना मध्ये घेऊन जाणारी सेना गनिमी काव्याने उधळून जाऊ शकत नाही. म्हणून या कादंबरीतील करुणरस केवळ अश्रूंवर अवलंबून राहत नाही. तो अन्न, अंतर व काळ यांच्या हिशेबातून निष्पन्न होतो आणि त्यामुळेच टिकाऊ ठरतो. सुभाषचंद्र बोस यांच्यावरील ‘महानायक’ (१९९८) या कादंबरीचा विषय काळाने व भूमीने दूरचा आहे. पण १९४४ च्या इंफाळ मोहिमेतही पाऊस, उपासमार व औषधांची वाण यांनीच आझाद हिंद सेनेचे भवितव्य ठरविले. पराभूतांच्या मोहिमेकडे वळणारी लेखकाची दृष्टी दोन्ही विषयांच्या निवडीत दिसते.

या गुणांबरोबरच एक मर्यादाही नोंदविणे अगत्याचे आहे. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी १९४६ साली इंग्रजीत व १९६१ साली मराठीत या संग्रामाची फेरतपासणी करून भाऊंवरील रूढ आरोपांना उत्तर दिले होते. पाटील यांची कादंबरीही भाऊंची बाजू घेते. ही भूमिका इतिहासदृष्ट्या समर्थनीय असली, तरी कादंबरीकार जेथे वकिली करू लागतो तेथे पात्राची उंची वाढण्याऐवजी घटते. दोष सर्वस्वी नजीबखानाच्या कारस्थानाचा, मल्हाररावांच्या जुन्या ममत्वाचा आणि उत्तरेतील कारभाऱ्यांच्या दिरंगाईचा असेल, तर भाऊ केवळ परिस्थितीचे बळी उरतात. आणि बळीविषयी दया वाटते, आदर वाटेलच असे नाही. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले व गर्दीत शिरले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असे परंपरा सांगते. चुलता म्हणून जे अपरिहार्य, तेच सेनापती म्हणून घातक, असा हा प्रसंग आहे. दोषमुक्तीपेक्षा हा पेच अधिक मोलाचा होय. भाऊंना निर्दोष न ठरविताही त्यांच्यावर प्रेम करता येते, हे ज्या पृष्ठांत जाणवते तीच या कादंबरीची श्रेष्ठ पृष्ठे.

सहस्रावधी माणसांच्या मृत्यूची कथा वाचून सुख मानणे कितपत उचित, अशी शंका अभ्यासकास येणे स्वाभाविक आहे. युद्ध हा रोमहर्षक देखावा म्हणून पाहणाऱ्याच्या बाबतीत ती शंका रास्तच ठरेल. पण वाचक जेव्हा छावणीतील धान्य मोजू लागतो, नदीच्या उताराची चिंता करू लागतो, तेव्हा तो प्रेक्षक राहत नाही. मोहिमेच्या जबाबदारीत तो सहभागी होतो. ‘पानिपत झाले’ हा वाक्प्रयोग अशा वाचकास पूर्वीच्या सहजतेने वापरता येत नाही. झिजून गेलेल्या एका शब्दास त्याचे मूळ दुःख परत मिळवून देणे, ही या कादंबरीची वाङ्मयीन कामगिरी मानणे युक्त ठरेल.