फैजपूरचे टिळकनगर आणि वास्तुविशारदाचा व्यवसायधर्म

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन असल्यामुळे राजकीय इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले आहे, आणि कलेच्या इतिहासात ते नंदलाल बोस यांच्या नावाशी जोडले गेले आहे. तथापि अधिवेशनाला जोडून भरलेल्या प्रदर्शनाच्या प्रसंगी गांधीजींनी जे भाषण केले, त्यात तेथील रचनेचे श्रेय त्यांनी एका नव्हे, दोन व्यक्तींना दिले होते. त्यांतील पहिला उल्लेख वास्तुविशारद म्हात्रे यांचा होता. शांतिनिकेतनच्या चित्रकाराचे नाव त्यानंतर आले. पुढील काळात हा क्रम उलटला. इतकेच नव्हे, तर पहिले नाव लोकांच्या स्मरणातून जवळजवळ गळून पडले. भाषणात ते आले तेही केवळ आडनावाच्या रूपाने. ज्या व्यवसायाला आपली प्रतिष्ठा आणि आपली लोकोपयोगिता यांची सतत चिंता असते, त्या व्यवसायाने आपल्या इतिहासातील असा प्रसंग दुसऱ्यांच्या हवाली करावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

टिळकनगर या नावाने उभारलेली ही वसाहत बांबू, गवत, चटया अशा खेड्यात मिळणाऱ्या साहित्याची होती. गांधीजींचा आग्रह असा की, जे काही उभारावयाचे ते खेड्यातील कारागिरांच्या हातून आणि खेड्यातील वस्तूंतून उभे राहावे. नंदलालांनी आपण चित्रकार आहोत, बांधकाम हे आपले शास्त्र नव्हे, अशी अडचण सांगितली होती, आणि गांधीजींनी ती मानली नाही, अशी आठवण सांगितली जाते. निष्णाताच्या सफाईपेक्षा मनापासून काम करणाऱ्याची तळमळ त्यांना अधिक हवी होती. या आठवणीचे आजवर कौतुकच होत आले आहे. परंतु तिच्यात वास्तुविशारदाच्या व्यवसायावर एक मूक टीका दडलेली आहे, तिच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. निष्णात नको असे म्हणणाऱ्या माणसाने प्रत्यक्षात एक निष्णात घेतलाच होता, आणि श्रेय देताना त्याचे नाव प्रथम घेतले होते.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी तात्पुरत्या नगराची रचना म्हणजे काय, याचा थोडा विचार करावा लागतो. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी माणसे आणि साधने उभी केली. साने गुरुजींनीही या अधिवेशनासाठी खानदेशात परिश्रम घेतले. परंतु हजारो माणसे एका शेतशिवारात चार दिवस राहणार म्हटले की, प्रश्न केवळ कमानीच्या सौंदर्याचा राहत नाही. पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, शौचकूप वस्तीपासून आणि विहिरीपासून किती अंतरावर असावेत, गवताच्या छपरांच्या दोन रांगांत आगीच्या भयाने किती मोकळी जागा सोडावी, सभा संपताच उठणारा जनसमुदाय कोणत्या वाटांनी बाहेर पडावा, हे सारे आखणीचे प्रश्न होत. ते नीट सुटले म्हणजे कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. न सुटले तर मात्र सर्वांच्या ध्यानात राहतात. कमान दिसते, आखणी दिसत नाही. चित्रकाराचे नाव उरले आणि वास्तुविशारदाचे विरले, याचे एक कारण असे कामाच्या स्वरूपातच आहे. दुसरे कारण मात्र व्यवसायाच्या मुंबईतील घडणीत शोधावे लागते.

मुंबईत या व्यवसायाची संघटना प्रथम उभी राहिली ती विद्यार्थ्यांच्या प्रयत्नातून. सर ज. जी. कलाशाळेतून बाहेर पडलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये आपले मंडळ काढले. जॉर्ज विटेट हे त्याचे पहिले अध्यक्ष. या मंडळाचेच पुढे रूपांतर होत १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स हे नाव कायम झाले, आणि १९३४ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. व्याख्याने, निबंधवाचन, जुन्या इमारतींची मोजणी, विलायतेतील संस्थेशी संलग्नता असे तिच्या कार्याचे स्वरूप होते. शाळा सोडल्यावरही शिक्षण चालू राहावे, ही इच्छा त्यामागे स्पष्ट दिसते. ती इच्छा सच्ची होती, यात शंका नाही. याच संस्थेने नोव्हेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श गृहाचे प्रदर्शन भरविले. वास्तुविशारदाची समाजाला गरज काय, हे सामान्य नागरिकाला पटवून देण्याचा तो मोठा प्रयत्न होता. सजविलेल्या खोल्या, नव्या पद्धतीची स्वयंपाकघरे आणि स्नानगृहे, नवे सामान यांच्या द्वारे तेथे नव्या राहणीचे चित्र उभे करण्यात आले.

फैजपूर आणि टाउन हॉल यांच्यामध्ये अवघ्या अकरा महिन्यांचे अंतर आहे. दोन्ही प्रसंग वास्तुविशारदाच्या लोककार्याचेच आहेत, परंतु त्यांतील लोक भिन्न आहेत आणि कार्यही भिन्न आहे. टाउन हॉलमध्ये लोक प्रेक्षक होते. त्यांनी पाहावे, हरखावे आणि पुढेमागे घर बांधावयाचे झाल्यास वास्तुविशारदाकडे यावे, अशी अपेक्षा होती. फैजपूरला बुरूड, सुतार आणि छपरे शाकारणारे गावकरी हे बांधणारे होते. वास्तुविशारदाला त्यांच्या हातांच्या सवयी लक्षात घेऊन आपला नकाशा आखावा लागला असला पाहिजे, कारण बांबूच्या कामात कागदावरचा कोन शेवटी बुरूडाच्या गाठीवर अवलंबून असतो. पहिल्या प्रकारात व्यवसाय समाजाला शिकवितो. दुसऱ्यात तो समाजाकडून शिकतो. व्यवसायाच्या वृद्धीसाठी पुढे जे मार्ग रूढ झाले, परिषदा, व्याख्याने, साहित्य-उत्पादकांच्या आश्रयाने भरणारी प्रदर्शने, ते जवळजवळ सर्वस्वी पहिल्या प्रकारातील आहेत, आणि दुसरा प्रकार 'समाजसेवा' या वेगळ्या सदरात टाकण्यात आला. या विभागणीमुळे दोहोंचेही नुकसान झाले. सेवा ही ज्ञानाविना केलेली भूतदया ठरली, आणि ज्ञान हे मुंबईहून आणावयाची वस्तू ठरले.

याचा अर्थ टिळकनगर निर्दोष होते असा मात्र नव्हे. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एक साधी गोष्ट दृष्टीआड केली आहे. ते डिसेंबरचे नगर होते. खानदेशातील डिसेंबर हा वर्षातील सर्वांत सुखाचा काळ. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, आणि पावसाळ्यात तापी, गिरणा, पांझरा यांना पूर येतात. यांपैकी कशाशीही टिळकनगराची गाठ पडली नाही. अधिवेशनानंतर थोड्याच दिवसांनी, ९ जानेवारी १९३७ च्या 'हरिजन'मध्ये, गांधीजींनी आदर्श खेड्यातील घरांविषयी लिहिताना पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या साहित्याची अट घातली. पुढे हे वचन वास्तुविशारदांच्या जगात फार प्रसिद्ध झाले. परंतु फैजपूरच्या पाच मैलांच्या परिसरात या अटीचे शतकानुशतकांचे उत्तर उभे होते, आणि ते बांबूचे नव्हते. ते धाब्याचे घर होते.

धाब्याच्या घराची रचना वरवर पाहता अगदी साधी असते. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळकुटे किंवा काटक्या, त्यावर पाला किंवा गवत, त्यावर मातीचा थर आणि सर्वांत वर खारी माती. खाऱ्या मातीचा गुण असा की, ती भिजली म्हणजे घट्ट बसते, पाणी सहजी आत जाऊ देत नाही, आणि तिच्यात गवत रुजत नाही. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तिचा नवा हात द्यावा लागतो. दिवसाचे ऊन भिंतीत आणि धाब्यात मुरते, ते आत उतरेपर्यंत संध्याकाळ होते. आणि संध्याकाळ झाली की घरची माणसे बाजा घेऊन धाब्यावरच निजावयास जातात. खोलीचा दाह आणि माणसाचा दिनक्रम यांची इतकी चोख सांगड क्वचितच आढळते. या घरात दोषही आहेत. वर्षानुवर्षे माती चढत गेल्याने तुळयांवरील भार वाढतो, वाळवी लागते, एखाद्या अतिवृष्टीत भिंत बसते. उजेड आणि हवा बेताचीच असते, आणि 'हरिजन'मधील त्याच लेखात उजेड-वाऱ्याची अपेक्षाही होती. म्हणजे सुधारणेला भरपूर वाव असलेला, परंतु पाया पक्का असलेला असा हा प्रश्न होता. वाढत्या व्यवसायाला यापेक्षा चांगला अभ्यासविषय कोणता मिळावा? तो घेतला गेला नाही. धाब्याची जागा पत्र्याने आणि काँक्रीटच्या सपाट छताने घेतली. काँक्रीटच्या पातळ छताखाली मे महिन्याची रात्र कशी जाते, हे खानदेशात कोणालाही सांगावे लागत नाही.

येथे असा आक्षेप घेतला जाईल की, जळगाव-धुळ्याच्या परिसरात वास्तुविशारद होतेच किती? आक्षेप खरा आहे, आणि त्याचा इतिहासही जुना आहे. धुळे हे आखीव शहर म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आजही त्या आखणीची साक्ष देतात. परंतु १८१९ च्या सुमारास धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे करणारे कॅप्टन जॉन ब्रिग्ज हे लष्करी अधिकारी होते. व्यापारी आणि कारागीर येऊन राहावेत म्हणून त्या काळी घरांसाठी कायमच्या बिनसाऱ्याच्या जागा देण्यात आल्या, आणि पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमाही. म्हणजे शहराची रेषा सरकारची आणि घर रहिवाशाचे व त्याच्या सुताराचे, अशी ही वाटणी होती. पुढे १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या विश्वेश्वरय्यांनी याच भागात पांझरेच्या पाटावर नळाच्या सायफनचे काम केले. पांझरेच्या काठी तर पाण्याच्या वाटपाची फड पद्धती गावकरीच चालवीत आले होते. सैनिक, अभियंता, सुतार आणि पाटकरी या चौघांनी मिळून पश्चिम खानदेशचा बांधीव परिसर घडविला. पाचव्याची उणीव भासली नाही, असे कोणी म्हटल्यास त्याला चटकन उत्तर देता येत नाही.

कायद्यानेही हे उत्तर दिलेले नाही. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने परिषद, नोंदणी आणि अभ्यासक्रमाची किमान पातळी या गोष्टी निश्चित केल्या. १९८९ च्या विनियमांनी व्यावसायिक वर्तनाचे नियम आले. परंतु मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाच्या ३७ व्या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना असे म्हटले की, संरक्षण आहे ते 'आर्किटेक्ट' या अभिधानाला. इमारतीचा आराखडा करण्याचे काम त्याच्यापुरते राखून ठेवलेले नाही. व्यवसायातील अनेकांना हा निर्णय आघातासारखा वाटला. वस्तुतः जिल्ह्याच्या ठिकाणी परिस्थिती पूर्वीपासून तशीच होती. घर बांधणारा मनुष्य अभियंत्याकडे जातो, आराखडा काढून देणाऱ्याकडे जातो, ठेकेदाराच्या शब्दावर विसंबतो. वास्तुविशारदाकडे तो गेलाच तर तो काहीतरी अधिक मिळेल म्हणून जातो. हे अधिक म्हणजे काय, याचे उत्तर अभिधानातून मिळणारे नाही. नियमावलीच्या ज्ञानातूनही ते मिळत नाही. २०२० च्या अखेरीस मुंबईसारखे अपवाद वगळून बहुतेक राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि तिचे विवेचन हा व्यावसायिक सभांचा आवडता विषय होऊन बसला. समासातील जागा किती सोडावी, हे सांगणारी नियमावली कोकणातील पावसाला आणि खानदेशातील उन्हाला बव्हंशी एकाच दृष्टीने पाहते. तिचा अर्थ समजावून देणे आवश्यक आहे, पण त्याला व्यवसायाचा विकास म्हणणे म्हणजे वकिलाने मुद्रांकाचे दर पाठ करण्याला न्यायशास्त्र म्हणण्यासारखे आहे.

धुळ्याला या बाबतीत दूरचा आदर्श शोधण्याचे कारण नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या आसनाविना गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे धुळ्यात निधन झाले, आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. इतिहासाचा अभ्यास व्यवसाय म्हणून खानदेशात रुजला तो पदवीमुळे नव्हे, तर साधनांच्या संग्रहामुळे, ही गोष्ट वास्तुविशारदांना पुष्कळ सांगून जाते. घर हेही एक दप्तर आहे, आणि ते कागदापेक्षा लवकर नष्ट होते. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील धाब्याच्या घरांची मोजणी, खाऱ्या मातीच्या खाणींची नोंद, तुळयांचे अंतर आणि भिंतींची जाडी, उन्हाळ्यात दर प्रहराला आतले व बाहेरचे तापमान, ही कामे दोनतीन वास्तुविशारद आणि काही विद्यार्थी मिळून करू शकतात. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेत, जी १९५७ पासून चालत आली आहे, जुन्या वास्तूंच्या नोंदणीसाठी स्वतंत्र चषक आहे; म्हणजे कौशल्य तयार होते, उणीव आहे ती या कौशल्याला पारितोषिकानंतरही काम देणाऱ्या स्थानिक मंडळाची. अशा कामात गवंडी आणि सुतार हे माहिती देणारे न राहता सहकारी होतात, आणि नोंदीवर त्यांचीही नावे घालता येतात. फैजपूरला त्यांपैकी एकाचेही नाव मागे राहिले नाही. तेथे वास्तुविशारदाचेच अर्धे राहिले.

मार्च २०१२ मध्ये जळगावच्या जैन हिल्सवर गांधीतीर्थ या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. इमारत भव्य आहे, तिच्यातील संग्रह मोलाचा आहे, आणि तिचा दगड जोधपूरचा आहे. पाच मैलांचे वचन येथे कोणी आठवून दाखविल्यास तो कदाचित कोतेपणा ठरेल. स्मारकाला स्वतःची निकड असते, आणि टिकाऊपणा ही तिच्यातील पहिली. परंतु त्याच जिल्ह्यात दर उन्हाळ्यात जुनी घरे उतरविली जातात, त्यांचे सागवान वेगळे करून विकले जाते आणि धाब्याची माती उकिरड्यावर जाते. ती माती किती हात जाड होती आणि कोणत्या खाणीतून आली होती, हे घर उतरविणाऱ्या मजुराला आणि घरातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाला अजून सांगता येते.